तिसऱ्या रकान्यातली आई

साळूबाईला त्या माणसाचा पहिल्याच दिवशी संशय आला, कारण त्यानं काहीच केलं नाही.

डॉक्टर आला की नाडी बघतो, जीभ काढायला लावतो. देवऋषी आला की लिंबं मागतो. हा मास्तर मात्र पडवीच्या खांबाला टेकून बसला, मांडीवर वही उघडली, मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि तिच्या भीमाकडं नुसता बघत राहिला. भीमानं भिंतीवर डोकं आपटलं की वहीत एक रेघ. पुन्हा आपटलं की पुन्हा रेघ. मध्येच घड्याळात बघून तो दोन शब्द खरडायचा. दुपारी चहा घेतला, "येतो मावशी" म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून कोल्हारच्या वाटेला लागला.

"ह्यो कसला इलाज?" साळूबाईनं थोरल्या लेकाला, सहादेवाला विचारलं.

"इलाज न्हाई आये. मास्तर मानसाच्या वागन्याचा अभ्यास करत्यात. तालुक्याच्या कॉलेजात शिकवत्यात. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हारला पाव्हन्याकडं आल्यात, रोज यायचं म्हनत्यात. पैसा घेत न्हाईत."

"पैसा घेत न्हाई? मंग काय घेतो?"

सहादेव नुसता हसला, आणि साळूबाईनं ते मनात ठेवून दिलं.

वर्ष एकाहत्तरचं. कोल्हारपासून दीड कोसावर त्यांचा मळा होता, प्रवरेच्या पाटाचं पाणी, बावीस एकर जमीन. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर दोन नावं होती, सहादेव आणि भीमा. शेती सहादेव बघायचा, घर त्याची बायको पुष्पावती. आणि भीमाला बघायची साळूबाई.

भीमा बावीस वर्षांचा. अंगानं भावापेक्षा दांडगा, पण बोलणं त्याला कधी आलंच नाही. बाप गेला त्या साली तो डोकं आपटायला लागला. कपाळाच्या मधोमध घट्टा पडला होता, बैलाच्या खांद्यावर जुवाचा पडतो तसा. साळूबाईनं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. भगवतीला नवस झाले, शनी-अमावास्येला शिंगणापूरला तेल झालं. नगरच्या एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर त्या घेऊन पोरगं दिवसभर झोपायचं आणि तोंडातून लाळ गळायची. त्या गोळ्या तिनं उकिरड्यावर फेकल्या. तिला एकच इलाज ठाऊक होता. डोक्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून धावायचं, त्याचं डोकं छातीशी धरायचं आणि तोंडात गुळाचा खडा घालायचा. मग तो शांत व्हायचा. चौदा वर्षं तिनं हेच केलं होतं. त्यापायी ती माहेरच्या एकाही लग्नाला गेली नव्हती.

राधाकृष्ण कुलथे असं त्या मास्तरचं नाव. नागापूरच्या एमआयडीसीत सहादेव इंजिनाचं काम करून घ्यायला गेला होता, तिथल्या वर्कशॉपवाल्याचा हा मेहुणा. तिशीचा, किडकिडीत, बोलायला गोड. तेच साळूबाईला खटकायचं. गोड बोलणारा माणूस फुकट कशाला येईल?

त्या वर्षी गावात जमिनीच्या कमाल मर्यादेची चर्चा होती. कुणाच्या नावावर किती, कुणाची जमीन जाणार, तलाठी काय म्हणाला, हेच पारावर चालायचं. सहादेव दोनदा कचेरीत जाऊन आला होता. कशाला, ते आईला सांगितलं नव्हतं. आणि हल्ली ती स्वयंपाकघरात शिरली की नवरा-बायकोचं बोलणं थांबायचं.

म्हणून तिनं आपल्यापुरती सावधगिरी बाळगली. मास्तर रेघा मारायचा, तर तीही मोजायला लागली. तिला लिहिता येत नव्हतं. पदराच्या एका टोकात चिंचोके बांधून घेतले आणि भीमानं डोकं आपटलं की एक चिंचोका त्या गाठीतून दुसऱ्या गाठीत. उद्या ह्या माणसानं कागदावर काय वाट्टेल ते लिहून आणलं, तर आपल्याकडं काहीतरी असावं.

आठ दिवस असेच गेले. मास्तरनं भीमाला बोट लावलं नाही. नवव्या दिवशी सहादेव त्याला नवा ऊस दाखवायला घेऊन गेला आणि वही खांबापाशी राहिली. साळूबाईनं इकडं तिकडं पाहिलं. पुष्पावती गोठ्यात होती. तिनं वही लुगड्याच्या ओच्यात घातली आणि बांधाबांधानं थेट शेजारच्या मळ्यातलं रतनबाईचं घर गाठलं.

रतनबाई गावात बालवाडी चालवायची. सातवी शिकलेली, तोंडाला कुलूप असलेली बाई.

"वाच," साळूबाई म्हणाली. "आन् जे हाय त्येच वाच."

रतनबाईनं पानं उलटली. "काकू, तीन रकाने पाडल्यात. पयल्यावर लिव्हलंय 'आधी'. दुसऱ्यावर 'वागणं'. तिसऱ्यावर 'नंतर'."

"पुढं?"

"'आधी – आई चुलीपाशी गेली. वागणं – सात वेळा डोकं आपटलं. नंतर – आई आली, गूळ दिला.' मंग दुसरं. 'आधी – आई शेजारणीशी बोलत होती. वागणं – चार वेळा. नंतर – आई आली, जवळ घेतलं.' मंग..." रतनबाई अडखळली.

"थांबू नको."

"सगळं असंच हाय काकू. तिसऱ्या रकान्यात सगळीकडं तुमीच. आई आली, आई आली, आई आली."

साळूबाईला उमगलं. हा माणूस आठ दिवस भीमाला बघत नव्हता. तो तिला बघत होता.

तेवढ्यात वहीतून एक घडी घातलेला कागद पडला. रतनबाईनं तो उलगडला आणि तिचा चेहरा बदलला. "ह्ये सहादेवभाऊंचं पत्र हाय, मास्तरला. 'भीमाला काही समजत नाही असा दाखला आपल्या सहीनं मिळाल्यास फार उपकार होतील. कचेरीत लागणार आहे.'"

साळूबाई उठली. डोकं लख्ख झालं होतं. सगळं जुळत होतं. पोरगं वेडं, आणि त्याला वेडं केलं आईनं. दोन्ही कागदावर आलं, की भीमाचा अंगठा नको आणि आईचा शब्दही नको. अकरा एकर गिळायला मोकळं रान.

वही तिनं होती तिथं ठेवून दिली. संध्याकाळी सहादेवाला नेहमीसारखंच जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आला तेव्हा सहादेव पाण्याच्या पाळीवर होता. साळूबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, दाखला दिला का न्हाई अजून?"

राधाकृष्णचा हात वहीवरच थांबला. "वही वाचलीत?"

"मला वाचता येत न्हाई. पर ज्याला येतं त्याच्याकडून आयकली. माझ्या पोराला मी येडं केलं म्हनून लिव्हता व्हय? पोटच्या पोराचं डोकं फुटतंय आन् आई धावली, त्यो गुन्हा?"

"तसं लिहिलेलं नाही मावशी."

"मंग खोटं लिव्हलंय. मी बी मोजलंय!" तिनं पदराची गाठ सोडली आणि चिंचोके त्याच्यापुढं ओतले. "ह्ये परवाचं हाय. मोजा."

तिला वाटलं तो चिडेल. पण तो खरंच खाली बसला आणि एकेक चिंचोका बाजूला करत मोजायला लागला. त्रेचाळीस भरले. त्यानं वही उघडून पाहिली. "माझ्याकडं एक्केचाळीस आहेत." मग थोडा विचार करून म्हणाला, "मी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो होतो. तेव्हा दोनदा आपटलं का?"

"व्हय. दोनदा."

"म्हणजे तुमचं बरोबर, माझं चुकलं." त्यानं वहीत दुरुस्ती केली. "दोन माणसांनी एकमेकांना न विचारता मोजलं आणि जवळपास तेच आलं, तर आकड्यावर विश्वास ठेवायचा असतो. मला दुसरा माणूस मिळत नव्हता. तुम्ही निघालात."

साळूबाईनं चिंचोके परत गाठीत बांधले. शत्रूनं असं चटकन चूक कबूल केलेली तिनं पाहिली नव्हती. हाही एखादा डाव असेल, असं तिला वाटून गेलं.

"पत्राचं काय?"

"तुमच्या मुलानं मागितलं, खरं आहे. मी दिलं नाही. मी डॉक्टर नाही, मला तो अधिकार नाही. आणि लिहिणार तरी काय? त्याला समजत नाही असं? मावशी, त्याला समजतं. तुम्ही नदीवर धुणं घेऊन गेलात, की तो दोन-दोन तास एकदाही डोकं आपटत नाही."

"झूट."

"मग तुम्हीच बघा."

तिनं बघायचं ठरवलं, पण त्याच्या सांगण्यावरून नाही. त्याच दुपारी धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं, "नदीवर जाते गं!" असं पुष्पावतीला मोठ्यानं सांगितलं, आणि आंब्यापर्यंत जाऊन, गाठोडं खाली ठेवून, शेताच्या कडेनं वळून मागच्या अंगानं कडब्याच्या गंजीआड येऊन बसली.

भीमा पडवीत बसला होता. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. तो एकेक शेंग उचलून ओळीत लावत होता. एक ओळ झाली, दुसरी झाली. चेहरा निवांत. तिनं आपल्या लेकाचा असा चेहरा पाहिलाच नव्हता, कारण ती असली की तो असा नसायचा. बराच वेळ गेला. एकदाही भिंत वाजली नाही.

मग तिनं गंजीआडून हातातल्या चांदीच्या बांगड्या वाजवल्या.

भीमाची मान वर झाली. त्यानं शेंग खाली टाकली, उठला, भिंतीपाशी गेला आणि कपाळ आपटलं. एकदा आपटून तो थांबला आणि कान देऊन ऐकू लागला. मग पुन्हा.

साळूबाई कडब्यातच बसून राहिली. चौदा वर्षांत तिनं ज्याला ज्याला दोष दिला होता, ते सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. देव, करणी, जाऊबाईची नजर, नवऱ्याचं मरण. तो तिला हाक मारत होता. त्याला दुसरी हाक येत नव्हती, आणि हीच हाक चालते असं तिनंच त्याला शिकवलं होतं.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिनं मास्तरला एवढंच विचारलं, "आता काय करायचं?"

राधाकृष्णनं जपून सांगितलं. "माणूस जे करतो, त्यानंतर त्याला हवं ते मिळालं, तर तो ते पुन्हा करतो. पुस्तकात याला प्रबलन म्हणतात. म्हणजे त्या वागण्याला बळ मिळणं. भीमाला हवं काय? तुम्ही. मग तुम्ही मिळायचा दुसरा रस्ता त्याला द्यायचा, आणि हा रस्ता बंद करायचा. नुसता बंद करून चालणार नाही. आधी दुसरा उघडायचा."

दुसरा रस्ता म्हणजे बैलाच्या गळ्यातली एक घंटी. ती पडवीच्या खांबाला, भीमाच्या हाताशी दोरीनं टांगली. ज्या भिंतीवर तो आपटायचा, तिथं चार गोधड्या जाड करून ठोकल्या, आणि त्याच्या डोक्याला कापूस भरून मुंडासं बांधलं. पहिल्या दिवशी राधाकृष्णनं भीमाचा पंजा धरून दोरी ओढवली. घंटी वाजली की साळूबाईनं लगेच यायचं, जवळ घ्यायचं, गूळ द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं नुसतं मनगट धरलं, मग कोपर, मग फक्त दोरीकडं बोट दाखवलं. भीमाचा हात दोरीला नुसता लागला तरी आधी ते चालवून घेतलं, मग घंटी वाजल्याशिवाय गूळ बंद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भीमानं आपला आपण हात उचलला आणि दोरी ओढली. साळूबाई धावत आली तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं आणि तिला गूळ कुठं ठेवलाय ते आठवेना.

मग जुना रस्ता बंद करायची वेळ आली. डोकं आपटलं तर कुणी यायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. मुंडासं सरकलं तर सहादेवानं न बोलता नीट करायचं आणि बाजूला व्हायचं.

"आधी वाढेल," राधाकृष्णनं बजावलं. "रोज उघडणारं दार एक दिवस उघडलं नाही, तर आपण परत फिरत नाही. आधी जोरानं ढकलतो."

पहिल्या दिवशी साठ टक्करी झाल्या, दुसऱ्या दिवशी नव्वद. तिसऱ्या दिवशी भीमानं गोधड्यांची भिंत सोडली आणि उंबऱ्याच्या लाकडावर जाऊन आपटायला सुरुवात केली. मुंडासं सुटलं. सहादेव पोचेपर्यंत भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. साळूबाईनं चुलीतलं लाकूड टाकलं, लेकाकडं झेपावली, डोकं छातीशी धरलं, आणि गुळाचा अख्खा खडा तोंडात कोंबला.

"मावशी..." राधाकृष्ण उठला.

"गप ऱ्हा!"

"आज तुम्ही शंभर टक्करींनंतर गेलात. उद्या तो शंभर मारेल. कारण शंभराला तुम्ही येता, हे त्याला कळलं."

"तुमच्या वहीला काय, एक रेघ! रगत माझ्या पोराचं सांडतंय." तिनं पदर भीमाच्या भुवईवर दाबला. "दुसऱ्याच्या पोरावर शिकता व्हय तुमी? उठा. वही उचला आन् चालते व्हा. परत मळ्यात पाय ठेवला तर कुत्रं सोडीन."

राधाकृष्णनं वाद घातला नाही. तोही पांढराफटक पडला होता. "उंबऱ्याचं माझ्या ध्यानात यायला हवं होतं," एवढं म्हणून तो गेला.

दोन दिवस साळूबाई भीमाच्या शेजारून हलली नाही. संशय सगळा परत आला होता, दुपटीनं. पडवीत बसून ती पुष्पावतीच्या हालचालींवर नजर ठेवायची. सून हसली तर का हसली, गप्प बसली तर कुणाच्या सांगण्यावरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाची पाटी टाकायला उकिरड्यापर्यंत गेली आणि परत फिरताना तिला घंटी ऐकू आली. क्षणभर वाटलं बैल सुटला. मग ती पळत सुटली. पडवीत भीमा दोरी धरून उभा होता, आणि पुष्पावती त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या तोंडात काहीतरी घालत होती.

साळूबाईनं तिचा हात धरला, मूठ उघडली, आत उरलेला तुकडा काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावला.

गूळ होता. नुसता गूळ.

पुष्पावती बघतच राहिली. मग तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. "इख घालीन वाटलं व्हय आत्याबाई? नऊ वर्सं झाली मला ह्या घरात. नऊ वर्सांत तुमी मला त्याच्या अंगाला हात लावू दिला न्हाई. आंघोळ तुमी, जेवन तुमी. मी काय करनार हुते त्याचं?"

"त्यो... वाजवत हुता?"

"काल बी दोनदा वाजवली. तुमी शेजारीच बसला हुता, पर तुमचं ध्यान भिंतीकडं. तुमी वळून बी बगितलं न्हाई. मंग त्यानं आपटलं आन् तुमी त्याला जवळ घेतलं." पुष्पावतीनं नाक पुसलं. "आज म्या ठरवलं, वाजली की आपन जायचं. काय व्हायचं ते हू दे."

साळूबाई ओट्यावर बसली. 

"आन् त्यो दाखला?" ती म्हणाली. "त्यो बी ठाव असंल तुला."

पुष्पावतीनं मान खाली घातली. "कोनीतरी त्येंच्या डोक्यात भरलं. भीमाभावजींना समजत न्हाई असं कागदावर आलं, तर सगळं एकाच्या सहीनं चालंल, कचेरीत खेटं नको. म्या नको म्हनलं हुतं. तुमी आला की आमी गप का व्हायचो? त्याच्यावरूनच भांडत हुतो."

दुपारी सहादेव जेवायला आला तेव्हा साळूबाईनं ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं. तो चाचरला. आधी कचेरीचे नियम सांगितले, मग तलाठ्याचं नाव घेतलं, मग म्हणाला, "आये, तुज्यामागं त्याला कोन बघनार? मीच ना? मंग कागद माझ्या हातात असला तर काय बिगडलं?"

"बगशील तवा बगशील. कागद आधी कशाला पायजे?"

सहादेवानं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. त्याच्या मनात खरंच काय होतं, हे साळूबाईला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. पण तो पुन्हा कचेरीत गेला नाही. आणि तिनं तेवढ्यावर भागवलं नाही. दरसाल रतनबाईला सोबत घेऊन ती चावडीवर जायची आणि उतारा मोठ्यानं वाचायला लावायची. दोन नावं ऐकल्याशिवाय उठायची नाही.

राधाकृष्णला तिनं स्वतः बोलावलं नाही. पुष्पावतीला कोल्हारला पाठवलं. तो आला तेव्हा उंबऱ्याला आणि दाराच्या चौकटीला गोण्या गुंडाळून बांधलेल्या होत्या.

"आता न्हाई मोडनार मी," साळूबाई म्हणाली. "पर घंटी वाजली की पुष्पा बी जाईल, मी बी जाईन. एकटी मी न्हाई."

"मी हेच सांगणार होतो," तो म्हणाला. "फक्त तुमच्यापाशीच चालतं, असं झालं तर ते शिकणं अर्धंच."

दोन दिवस वाईट गेले. भीमानं शंभराच्या वर टक्करी मारल्या. साळूबाई गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहायची, पण बाहेर यायची नाही. घंटी वाजली की मात्र दोघी सासू-सुना हातातलं टाकून पळायच्या, एकदा तर एकमेकींवर आदळल्या. मग आकडा खाली यायला लागला. ऐंशी, पन्नास, बावीस. घंटी इतकी वाजायला लागली की सहादेव वैतागला. राधाकृष्णची सुट्टी संपली त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन टक्करी झाल्या. साळूबाईच्या गाठीतही तीनच चिंचोके होते.

जाताना तो म्हणाला, "मावशी, हे मी लिहून काढणार आहे. इतरांना उपयोग होईल. नाव घालणार नाही."

"भीमाचं न्हाई, आन् माझं बी न्हाई?"

"कुणाचंच नाही."

"लिव्हा. पर येक लिव्हा. आईची चूक हुती असं नगा लिव्हू. आईला ठाव नव्हतं, असं लिव्हा."

त्यानं तिथंच वही उघडून ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तरी ती रतनबाईला विचारणारच होती, पण तो वही घेऊन गेला.

माघात साळूबाईच्या भावाच्या नातीचं लग्न बेलापूरला होतं. पुष्पावतीच म्हणाली, "जावा आत्याबाई. दोन दिस मी हाय." साळूबाईनं तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा पिशवी भरली. एसटीत बसल्यावर तिला वाटलं, आपल्याला मुद्दाम तर बाहेर काढत नाहीत? कोल्हारचा पूल गेला तरी ते मनातून गेलं नाही. लग्नात ती जेवली, बायकांत बसली, कुणीतरी तिच्या अंगावर नवं लुगडं घातलं. पण पंगतीत ताट वाजलं की ती दचकून उठायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मळ्यात आली. लांबूनच बघायचं म्हणून जरा झाडाआड थांबली. पडवीत भीमा आणि पुष्पावती बसली होती. पुष्पावती हरभरा निवडत होती, भीमा तिच्या सुपातले खडे काढून बाजूला ठेवत होता. कपाळाचा घट्टा अजून होता, पण ताजी जखम नव्हती.

साळूबाई पुढं झाली. बांगड्या वाजल्या. भीमानं मान वर करून आईकडं बघितलं. मग पुन्हा खाली घातली आणि सुपातला एक खडा शोधून काढला.

"आला का आत्याबाई? दमला असाल. पानी आनू का?" पुष्पावती उठायला लागली.

"बस तू," साळूबाई म्हणाली. "मी घेते."

आत जाऊन तिनं माठातलं पाणी घेतलं.  चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्यासाठी उठला नव्हता. तिला वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याची तिला लाजही वाटली. तांब्या ठेवून, डोळे पुसून ती बाहेर आली आणि सुपाच्या तिसऱ्या बाजूला जाऊन बसली.